रजेवरचा गोलरक्षक

गॅरेट कॉमरफर्ड म्हातारपणी लढाईबद्दल फारसं बोलत नसे. बोलायचा तो सप्टेंबर १९१७ मधल्या एका रविवारबद्दल. “त्या दिवसासारखं गवत पुन्हा पाहिलं नाही,” म्हणायचा. आयर्लंडमधल्या किल्केनीत गवताला कधीच तोटा नव्हता, तरी.

तो इंग्रजांच्या पलटणीत गेला तो जर्मनांशी वैर म्हणून नव्हे. आयर्लंडच्या होमरूलचा कायदा लंडनला मंजूर होऊन युद्ध संपेपर्यंत बासनात बांधून ठेवला होता. आपली पोरं लढली की गाठ लवकर सुटेल, असं पुढारी सांगत आणि गॅरेटला ते पटलं होतं. पुढे डब्लिनला इंग्रजांविरुद्ध बंड झालं, बंडवाल्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि गावाचं मन फिरलं. दहा दिवसांच्या रजेवर तो आला, तेव्हा चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ; गावच्या संघाचा तो पाच वर्षं गोलरक्षक होता. पण शिपाई आणि पोलीस यांना मैदान बंद, असा त्या खेळाचा नियमच होता.

शनिवारी संघाचा कप्तान विल ब्रॉफी दारात उभा राहिला. बंडानंतर त्याला वेल्समधल्या छावणीत सात महिने डांबलं होतं.

“काय शिपाई, सलाम ठोकू का?”

“नको. कैदेत जेवण कसं होतं?”

“बटाटे कच्चे. तुमच्याकडे?”

“बटाटेच नाहीत.”

विल हसला. “उद्या शेजारच्या गोरतीन गावाशी सामना. आपला गोलरक्षक गंजीवरून पडलाय, मनगट गेलं. तू माझा मावसभाऊ म्हणून उभा राहा.”

“अख्खी पंचक्रोशी ओळखते मला, विल. त्यांनी हरकत घेतली तर सामना जाईल. मग गाव मला उभं करेल का?”

“आत्ता कुठे करतंय?” विल म्हणाला.

खरं होतं. गॅरेटने काठी तेल लावून ठेवली.

रविवारी त्याने चार गोल अडवले. आपलेच लोक कुंपणाशी ओरडत होते, पण नाव न घेता. शेवटी शेवटी एक चेंडू डोक्यावरून सणसणत गेला आणि गॅरेटची मान आपोआप खाली गेली. गोलासमोर घुटमळणारा गोरतीनचा मॅटी टिनन पुटपुटला,

“कुठली पलटण?”

“कसली पलटण?”

“अशी मान खाली घालणारे मी जूनमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर, वायत्शाटेला पाहिलेत.”

“आणि तू तिथे काय बटाटे काढत होतास?”

टिनन दात काढून हसला. “माझी रजा गुरुवारी संपते.”

गोरतीन एका गुणाने हरलं. लगेच त्यांचा कप्तान पंचाकडे निघाला. हरकत लेखी लागे, आणि कागदही आयर्लंडमध्येच बनलेला लागे. विलायती कागदावरची हरकत फेटाळली जाई. कप्तानाने कागद उन्हात धरून आतली छाप पाहिली आणि पेन्सिल थुंकीने ओली केली. टिनन मधे आला. “त्याचं नाव लिहितोस ना? मग खाली माझंही लिही.” कप्तानाने न लिहिताच कागदाची घडी घातली.

पाणी पिताना टिनन म्हणाला, “गुरुवारी मी बोटीवर चढणार नाही. द्यायचं असतं तर होमरूल एव्हाना दिलं असतं त्यांनी. तूही जाऊ नकोस.”

“शब्द दिलाय.”

“कुणाला? लंडनला?”

“खंदकात माझ्या बाजूला उभे असतात त्यांना. त्यातला एक तर बेलफास्टजवळचा आहे. होमरूलचं नाव काढलं की भडकतो.”

“मग काय बोलता?”

“भांडतो. दुसरं काय आहे तिथे?”

सोमवारी सकाळी गणवेश चढवून तो निघाला. विल फाटकाशी होता. त्याने गॅरेटची पिशवी खांद्यावर घेतली. छावणीतून सुटून आलेला माणूस राजाच्या शिपायाचं ओझं वाहत भर बाजारातून चालला होता. दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघत होते. विल वाटभर फक्त तिसऱ्या गोलाबद्दल बोलला, तो कसा अडवला म्हणून. खाटकाच्या दुकानासमोर कुणीतरी हळूच म्हणालं, “छान खेळलास, गॅरी.”

पुलाशी विलने पिशवी खाली ठेवली. “इथून पुढे तुझं तू बघ.”

गॅरेटने ती उचलली आणि स्टेशनकडे चालू लागला.