जयपूरचा नसलेला खांब

"किसन्या, लांब हो आता. हात लावू नको खांबाला."

हे आमच्या संस्थेचे अध्यक्ष बोलले. वय चाळीस. किसन्या म्हणजे माझा बाप. वय पंचाहत्तर. सहा महिने खपून तो खांब त्यानंच कोरला होता. दोर ओढून उभा करतानाही सगळ्यात पुढं तोच होता. खांब सरळ झाला तेव्हा त्याचा तळवा लाकडावर टेकलेला होता. त्यानं हात काढला. धोतराला पुसला. जणू हातच घाण होता.

मी माईकपाशी होतो. मी ऐकलं.

मी ताडकळसजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. अध्यक्ष भाच्याकडे कॅनडाला जाऊन आले, ते तिथल्या गिट्क्सान आदिवासींच्या उंच कोरीव खांबांचे फोटो घेऊन. "असाच पाह्यजे शाळेपुढं. त्याच्यावर आमच्या चार पिढ्या." मी त्या खांबांविषयी वाचून काढलं. अख्ख्या खोडावर बेडूक, लांडगा, गरुड कोरतात. ती शोभा नसते. ती एकेका घराण्याची निशाणी, आणि तिची गोष्ट सांगायचा हक्क त्याच घराण्याचा. दुसऱ्यानं उचलली तर चोरी. खांब उभारला की जेवणावळ होते. कोरणाऱ्याला सगळ्यांसमोर मान देतात. जेवायला आलेले पाहुणे साक्षीदार. काय झालं ते त्यांनी लक्षात ठेवायचं.

हे मी बापाला सांगितलं. आम्ही बौद्ध. तरणेपणी तो अध्यक्षांच्याच घरी सालगडी होता, सुतारकाम नंतर सेलूला शिकला. कडुलिंबाच्या खोडावर पटाशी टेकवून तो ऐकत राहिला.

"मग माजंबी नाव घेतील?"

"घेतील की, बा. माईक माझ्याच हातात हाय."

अध्यक्षांच्या आजोबाचा चेहरा त्यानं फोटो न बघता कोरला. खाली ओढलेला ओठ, अर्धवट मिटलेले डोळे. "ह्या मानसाला मी लय खालून पाह्यलंय," एवढंच बोलला.

खांब उभा राहिला आणि अध्यक्षांनी माझ्या हातात कागद दिला. "एवढंच वाचा, सर. जास्तीचं काय नको." कागदावर लिहिलं होतं, जयपूरच्या कारागिरांनी घडवलेला स्तंभ. बाप चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसला होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी. माझ्याकडे बघत. मी वाचलं. स्पष्ट उच्चारात, वर्गात वाचतो तसं. टाळ्या झाल्या. बापानंही वाजवल्या.

घरी येताना मोटारसायकलवर मागं बसून तो म्हणाला, "आवाज चांगला हाय तुजा." दिवाळीआधी तो गेला.

नोकरी होती, पोरीचं शिक्षण होतं. सबबी खऱ्या होत्या. तरी वाचलं मीच.

परवा अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. गंगाखेडच्या शाळेलाही खांब हवा होता. "तुमचा म्हातारा तर गेला. तुमच्यात दुसरं कोन हाय का, असं सस्तात करनारं?" बाजूला बसलेले मुख्याध्यापक हसले.

"न्हाई," मी म्हणालो. "आन् हा खांबबी जयपूरचा न्हाई."

"हे मला सांगायलाव?"

"न्हाई. उद्या सगळ्यांपुढं सांगनारंय."

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी माईक घेतला. "हा खांब किसन धोंडिबा यांनी कोरला. ते माझे वडील. कागदावर खोटं होतं आणि ते मी वाचलं. आज तुम्ही खरं ऐकलंत. तुम्ही साक्षीदार." मुख्याध्यापकांनी वायर उपटली.

आता संस्थेनं माफीनामा मागितलाय. तीन दिवसांची मुदत. ज्याची माफी मागायची होती तो चपलांपाशी बसून टाळ्या वाजवून गेला. ह्यांना द्यायला माझ्यापाशी माफी नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. फाटकाबाहेरचा रस्ता संस्थेचा नाही, आणि खांब तिथून दिसतो. रोज सकाळी पोरं यायच्या वेळेला मी तिथं उभा राहणार. बापाचं नाव घेणार. माईकशिवाय.