समुद्रासाठी बोर्ड निवडताना

कोकिळाताई बोरसे दोंडाईच्याच्या एका शाळेत खेळ शिकवतात. मुलींचा खो-खोचा संघ त्यांनी जिल्ह्यापर्यंत नेला, पण त्यांची स्वतःची आवड पाण्याची. माहेर तापीकाठचं. वडील झुलाल आबा यांनी लहानपणीच पाठीला रिकामा डबा बांधून त्यांना डोहात सोडलं होतं. पुढे नदीवर बॅरेज झालं आणि गावाजवळ लांबच लांब पाणी तुंबून राहू लागलं.

तीन-चार वर्षांमागे शाळेची सहल मालवणकडे गेली. तिथे खाडीत एक फळीसारखा बोर्ड भाड्याने मिळत होता. त्यावर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी मागे सारायचं. बाकीच्या शिक्षिका धपाधप पडल्या, कोकिळाताई उभ्या राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी हवा भरायचा, गुंडाळून ठेवता येणारा बोर्ड मागवला आणि दर रविवारी माहेरी जाऊन तापीवर वल्हवू लागल्या.

मे महिन्यात एकदा त्या अशाच पाण्यात होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटतो आणि तापी वाहते पश्चिमेला. त्यामुळे नदीच्या उलट दिशेने निघालं की वारा पाठीशी येतो. त्या दिवशी पाण्यावर बारक्या लाटा उठल्या होत्या. ताईंनी वल्हं थांबवलं तरी बोर्ड पुढे सरकला. मागून लाटेने ढकलला होता. काठावर येऊन त्यांनी आबांना सांगितलं, तर आबा म्हणाले, "मंग वल्हं कसाले लागस?"

मोबाइलवर शोधल्यावर कळलं की वारा पाठीशी घेऊन लाटांवर घसरत जाण्याचा हा खेळच आहे आणि त्याला डाउनविंड म्हणतात. खरा रंगतो तो समुद्रात. कोकणात तो खेळणारा एक गट होता. गटाचे म्होरके योगेंद्र म्हणून एक गृहस्थ होते. ताईंनी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "एप्रिलमध्ये या. फक्त तो हवेचा बोर्ड आणू नका. समुद्रात तो मधून वाकतो. चांगला कडक बोर्ड घ्या."

"कोणता घेऊ?"

"चौदा फुटी. रुंदीला कमी. लांब बोर्ड एका लाटेवरून दुसरीवर पोचतो, वेग मोडत नाही."

त्याच गटातल्या मयुरी या कुडाळच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं. "ताई, अरुंद बोर्ड मुळीच नको. सारख्या पडाल आणि पुन्हा चढण्यातच दम जाईल. साडेबारा फुटी घ्या, रुंद. लहान बोर्ड वळतोही पटकन."

गोव्यातल्या एका बोर्ड विकणाऱ्या दुकानदाराने तर आधी ताईंचं वजन विचारलं. मग म्हणाला, "तुम्हाला अमुक इतक्या लिटरचा लागेल."

"बोर्डात काय भरायचं असतं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. तो किती वजन घेऊन तरंगेल त्याचं माप आहे ते."

ताईंचे यजमान भिकनभाऊ यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. ते म्हणाले, "अगं, लिटरवर टाकी घेतात. फळी कधी घेतात का?"

त्यात नाकाचा प्रश्न आला. काही बोर्डांचं नाक सरळ, काहींचं वर वळलेलं. मग शेपूट निमुळती की चौकोनी, खालचं सुकाणूसारखं पातं लांब की आखूड. व्हिडिओत एक माणूस एक सांगे, दुसरा बरोबर उलट सांगे, आणि दोघेही लाटांवरून सारख्याच झोकात जात.

शेवटी ताईंनी शाळेच्या मैदानावर फक्कीने दोन्ही बोर्ड आखले. एक चौदा फुटी, एक साडेबारा. मुली जमल्या. "मॅडम, खो-खोचं नवीन मैदान शे का?" एकीने विचारलं. ताई आधी एका आकृतीत उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या. गुडघे वाकवले, हवेत वल्हं मारलं. दोन्हीकडे सारखंच वाटलं. जमीन हलत नव्हती ना!

त्या रविवारी त्यांनी आबांपुढे सगळं मांडलं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बठ्ठासनं ऐकशी ते येडी व्हई जाशी."

"सगळ्यांचं नको, तर मग कोणाचं ऐकू, आबा?"

"ते माले काय माहीत? मी समिंदर देखेल नही."

एप्रिलमध्ये ताई बोर्ड न घेताच मालवणला गेल्या. योगेंद्र यांनी आपला जुना, अरुंद चौदा फुटी दिला. दुपारचा वायव्येचा वारा सुटला होता. किनारा डाव्या हाताला ठेवून सगळे दक्षिणेकडे निघाले. तापीवर लाटा मागून येत, एकीमागे एक. इथे वाऱ्याच्या लाटा एका बाजूने येत होत्या, दूरवरून आलेला पाण्याचा मोठा फुगवटा दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही मिळून बोर्डाखाली काय करतील ते कळत नव्हतं. ताई पडल्या. चढल्या. पुन्हा पडल्या. पायाला बांधलेल्या दोरीमुळे बोर्ड हातचा जात नव्हता एवढंच. खारं पाणी नाकातोंडात गेलं. पुढचे लोक ठिपक्याएवढे झाले. बोर्ड चुकीचा आहे, की मीच? त्यांना काही सुचेना आणि पहिल्यांदाच पाण्याची भीती वाटली.

मयुरी मागे थांबल्या होत्या. त्या जवळ आल्या. "ताई, बसा आधी. श्वास घ्या. आता बोर्ड बदलू या."

"इथे? भर समुद्रात?"

"मग कुठे?"

दोघींनी बसल्या बसल्याच पायाच्या दोऱ्या बदलल्या. मयुरींचा बोर्डही चौदा फुटीच निघाला, पण रुंद, आणि नाक वर वळलेलं.

"तुम्ही तर साडेबारा सांगत होतात!"

"तो माझा पहिला होता. तोही चांगला होता हो," मयुरी म्हणाल्या.

ताई उभ्या राहिल्या. या वेळी बोर्ड उलटला नाही. मागून लाट आली, त्यांनी चार जोरकस हात मारले. नाक पाण्यात घुसणार असं वाटलं आणि ते वर उचललं गेलं. पाण्याचा आवाज बदलला. बोर्ड धावत होता आणि ताई नुसत्या उभ्या होत्या. लाट संपल्यावर त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मयुरींना वाटलं, काही लागलं.

तसाच बोर्ड त्यांनी घेतला. तरी शंका गेली नाही. लाट मिळाली ती बोर्डामुळे, की दमून अंग सैल पडलं होतं म्हणून? साडेबारा फुटीवर मिळाली नसती कशावरून?

बोर्ड रेल्वेत घेईनात, एसटीच्या टपावर मावेना. अखेर धुळ्याला हापूस आणणाऱ्या टेम्पोच्या टपावर बांधून तो आला. धुळ्याहून भिकनभाऊंनी मित्राच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माहेरी नेला. गोठ्याच्या आढ्याला दोन दोर बांधून त्यावर तो ठेवला, आणि खालची म्हैस चार दिवस वर बघत राहिली.

मे महिन्यात ताईंनी तो तापीवर काढला, तर तो नीट चालेना. नदीच्या लाटा आखूड, बोर्ड लांब. एकीच्या माथ्यावर शेपूट असायची तेव्हा नाक पुढचीत रुतलेलं. जुना हवेचा बोर्ड त्यापेक्षा बरा घसरत होता. मग ताईंनी दोन्ही ठेवायचं ठरवलं, एक नदीला, एक समुद्राला. पावसाळ्यानंतर समुद्राचा बोर्ड त्यांनी त्याच टेम्पोवाल्याबरोबर मयुरींकडे पाठवून दिला.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या गटाबरोबर मालवणहून पूर्ण पल्ल्यासाठी उतरल्या. भिकनभाऊ शेवटच्या किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभे. एकेक जण येत गेला, बोर्ड वाळूत लागले, सगळ्यांची सोलकढी पिऊन झाली. ताईंचा पत्ता नव्हता. कपाळावर हात धरून भिकनभाऊ समुद्राकडे टक लावून होते, पण दक्षिणेकडे.

मागून ओला हात खांद्यावर पडला. "अहो, वारा उत्तरेकडून येतोय ना? मग मी तिकडून कशी येईन?"

"माले काय माहीत? एवढा उशीर?" ते म्हणाले आणि टॉवेल देण्याऐवजी त्यानेच स्वतःचे डोळे पुसू लागले.