जंगल नाक्यावरचा हातोडा

मुलांनो, जंगल नाक्यावरची ती घटना मी विसरलेले नाही. विसरण्याचा मला अधिकारही नाही. परवा फोनवर तुमच्यापैकी एकाने सांगितले की, संगणकावर चालणाऱ्या व्यवहारांच्या यंत्रणेत कोणते काम कोणत्या प्रोसेसरकडे द्यायचे आणि कोणाला आधी सोडायचे, हे ठरवणे ही त्याची नोकरी आहे. त्यावरून हे लिहिते.

पन्नासच्या दशकात मी अहेरी भागात फौजदार होते. जिल्ह्यात मी एकटीच बाई फौजदार. आमच्या हद्दीतल्या जंगल नाक्यावर एकच चौकीदार असे. फाटक उघडणे, पास तपासणे, वहीत नोंद करणे आणि प्रत्येक लाकडावर शिक्क्याचा हातोडा मारणे, सगळे त्याच्याकडे. हातोडा बसला की लाकूड कायदेशीर. भिंतीवर हुकूम होता : ठेकेदाराच्या लाकडाच्या गाड्या आधी, बाकीचे नंतर.

एकदा नागभीडच्या रेल्वे यार्डात राखीव जंगलातले सागवान सापडले. शिक्का खरा, वहीत नोंद नाही. हातोडा चौकीदाराच्या ताब्यात, म्हणून मी त्यालाच अटक केली. पन्नाशीचा माणूस. चार दिवस कोठडीत त्याने तोंड उघडले नाही. मला तो गुन्ह्याचा कबुलीजबाबच वाटला.

पाचव्या दिवशी मासळी विकणारी एक बाई टोपली घेऊन ठाण्यात आली.

"फौजदारीणबाई, तुमी गलत मानूस धरला. हातोडा तर ठेकेदाराचा मुन्शी मारते."

"तुला कसे माहीत?"

"आमी दर बजारी नाक्यावर असतो ना! पयले तर दुपारपावतर उनात बसून राहत होतो. लाकूड सडते का जी? मासोळी सडते. पण पयला नंबर लाकडाचा!"

ठाण्याचा जमादार हसला. "अन् तू पास लाकडाचा घेत जाय, मासोळीचा कायले घेतं?"

"दात नोको दाखवू, जमादार. उद्या तुलेच सडकी देतो."

मी चौकीदाराला पुन्हा समोर बसवले. "हातोडा मुन्शीकडे का दिलात?"

त्याने दोन्ही तळवे पुढे केले. "मले दोनच हात हायेत, बाई. एकेका लाकडावर ठोकत बसलो, तर बजाराचे लोकं दुपारपावतर खोळंबते. मुन्शी म्हने, आन इकडं, मी ठोकतो, तू लोकाईले सोड."

"मग आधी का नाही सांगितले?"

"सांगतलं असतं तर सायबानं हुकूम काढून लोकाईले पुन्हा मांगं बसवलं असतं."

पुढच्या बाजारी मी वनाधिकाऱ्यांच्या संमतीने नाक्यावरची व्यवस्था बदलली. फाटकावर एक वनरक्षक. त्याने बाजारकरूंना आधी सोडायचे. हातोडा वनपालाकडे; त्याने लाकडाखेरीज दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

मुन्शी सात गाड्या घेऊन आला. "आमचा नंबर पयला हाय!"

"आज शेवटी," मी म्हणाले. "आणि प्रत्येक लाकडावर हातोडा वनपालच मारतील."

तो मागच्या गाड्यांकडे गेला. थोड्या वेळाने मागच्या दोन गाड्या हळूच जंगलाकडे वळल्या. जमादाराने त्या वळणावर अडवल्या. त्यांतली लाकडे राखीव जंगलात नुकत्याच तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांशी तंतोतंत जुळली. पंचनामा पुरा होण्याआधीच मुन्शीने कबुली दिली.

चौकीदारावरचा चोरीचा आरोप मी काढून घेतला. त्याची नोकरी मात्र मला वाचवता आली नाही. सरकारी हातोडा दुसऱ्याच्या हाती देणे हा कसूर होताच. चार कामे एकट्या माणसावर असताना लाकूड आधी सोडायला लावणाऱ्या हुकुमाबद्दल मी अहवालात सविस्तर लिहिले. त्या हुकुमावर सही करणाऱ्याला कोणी काही विचारले नाही.

सुटकेच्या कागदावर सही करताना चौकीदाराने एवढेच विचारले, "आता बजाराचे लोकं थांबत नाईत ना, बाई?"

"नाही थांबत," मी म्हणाले. तो नमस्कार करून पायीच गावी निघाला.

हातोडा कोणाच्या हातात होता, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. त्या हाताला आणखी किती कामे होती आणि फाटकाबाहेर कोण ताटकळत बसले होते, हे विचारायला मला पाच दिवस लागले. ते पाच दिवस तो कोठडीत होता.

तुम्ही तुमच्या यंत्रात कामांचा क्रम लावाल, तेव्हा सर्वांत शेवटी कोणाला ठेवले आहे, ते स्वतः जाऊन पाहा.