चौलच्या ओटीवर फॉन्ड्यू

चार घरची माणसं एकत्र जेवायला बसली की काय जेवलो ते आठवडाभरात विसरायला होतं, किस्से मात्र राहतात. आमच्याकडे ते इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा त्याचा पदर धरूनच येतो. आज फक्त फॉन्ड्यूचे सांगते.

आमची मंडळी म्हणजे फार नाही. मी रेवदंड्याच्या शाळेत शिकवते, राहते चौलला. शेजारच्या वाडीत भाऊकाका आणि माई. भाऊकाका गणिताचे निवृत्त शिक्षक. आणि रेश्मा, माझी शाळेपासूनची मैत्रीण. रेवदंड्यात तिचा सुक्या मासळीचा धंदा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणा एकाकडे जमायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. त्या खेपेला पाळी भाऊकाकांची होती आणि त्यांची मुलगी अदिती स्वित्झर्लंडहून आलेली होती. तिनं जाहीर केलं, "या वेळी सगळं मी करणार. फॉन्ड्यू!"

"फोंड्याचं?" भाऊकाकांनी विचारलं. "म्हणजे घाटातल्या फोंड्याचं?"

"फॉन्ड्यू, भाऊ! वितळलेलं चीज मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी लांब काट्याला पावाचा तुकडा लावून त्यात बुडवून खायचा."

"सगळ्यांनी एकाच भांड्यात?" माई दचकल्या. "मग उष्टं नाही का होत?"

"नाही गं आई, काटा तोंडाला लावायचाच नाही!"

माईंनी जरा विचार केला. "मग खायचं कशानं?"

*

चीज साधं चालणार नव्हतं. अदितीच्या मैत्रिणीनं मुंबईहून खास जुनं, मुरलेलं चीज मांडव्याच्या बोटीनं पाठवलं. रेश्माचा टेम्पो सुके बोंबील पोचवून त्याच बाजूनं परत येणार होता, म्हणून ड्रायव्हरला पार्सल घ्यायला सांगितलं.

अर्ध्या वाटेवरून त्याचा रेश्माला फोन. "ताई, गाडी बाजूला घेतलीय. सगल्या ताडपत्र्या काढून बघितल्या. पन काय सापडत न्हाय."

"काय सापडत न्हाय?"

"गाडीत कायतरी मेलंय!"

हा माणूस रोज सुक्या बोंबलांचा टेम्पो चालवतो! रेश्मानं ते पार्सल स्वतः चौलला आणून माईंच्या ओटीवर ठेवलं आणि कमरेवर हात घेऊन म्हणाली, "आजपासून माझ्या सुकटीला कोनी नाक मुरडायचं न्हाय!"

*

पावाचं काम माझ्याकडे होतं. अदितीनं बजावलं होतं, "ताजा पाव नको, तो काट्यावरून गळून पडतो. चांगला शिळा, कडक पाव आण."

आमचे बेकरीवाले चाचा म्हणजे शांत माणूस. भट्टीसमोर उभे राहूनही कधी तापत नाहीत. मी सरळ विचारलं, "चाचा, शिळे पाव आहेत का?"

चाचांचा चेहरा पडला. "बाई, कोणी सांगितलं तुम्हाला? माझ्याकडे शिळे पाव मिळतात म्हणून?"

मी घाईघाईनं सगळं समजावलं. स्वित्झर्लंड, चीज, काटा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गरम पावांची लादी कागदात बांधून माझ्या हातात दिली.

"मी ताजेच देणार. शिळे तुम्ही घरी करा!"

*

खरी पंचाईत वाइनची. फॉन्ड्यूत पांढरी वाइन लागते. माई म्हणाल्या, "माझ्या गॅसवर दारू चढायची नाही." मग मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली. तरी माई दारातून बघतच होत्या.

"अगं आई, तापली की त्यातली दारू उडून जाते," अदितीनं समजूत काढली.

अदितीनं भांड्याला आतून लसूण चोळली, वाइन तापवली आणि मूठ मूठ किसलेलं चीज घालत गेली. थोड्या वेळानं ते भलतंच घट्ट झालं. अदिती म्हणाली, "आता थोडी वाइन लागेल," आणि चमच्यानं मोजायला लागली. एक चमचा, दोन चमचे...

माई तरातरा पडवीत आल्या, बाटली उचलली आणि धार धरली.

"आई! अगं किती!"

"उडूनच जाणार आहे ना? मग घाबरतेस कशाला!"

*

मग ढवळायचं काम माईंनीच घेतलं. अदितीनं सांगितलं, "गोल नाही ढवळायचं. आठचा आकडा काढायचा."

माई ढवळत राहिल्या. जरा वेळानं अदितीनं डोकावून पाहिलं, तर एका बाजूला चीज तळाला लागलेलं. "आई, आठ काढ म्हटलं ना!"

"मग काय काढतेय मी?"

भाऊकाका चष्मा सावरत पुढे झाले. भांड्यात फिरणारा पळा त्यांनी परीक्षेचा पेपर तपासावा तसा पाहिला आणि निकाल दिला.

"तिचं बरोबर आहे. ती मराठी आठ काढतेय!"

*

दिवेलागणीला आम्ही ओटीवर भांड्याभोवती बसलो. खाली छोटा दिवा, वर चीज हळूहळू बुडबुडतंय, वाडीतून आंब्याच्या मोहोराचा वास. अदितीनं तिकडची पद्धत सांगितली. ज्याचा पाव भांड्यात पडेल, त्याला उजवीकडच्या माणसानं एक प्रश्न विचारायचा आणि त्यानं खरं उत्तर द्यायचं.

"एकच प्रश्न," भाऊकाका म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

पहिला पाव रेश्माचा पडला. मग माझा. हसून हसून पुरेवाट झाली. आणि मग अदितीचा पडला.

तिच्या उजवीकडे भाऊकाका होते.

अदिती त्या खेपेला एकटीच आली होती, दोन मोठ्या बॅगा घेऊन. परतीचं तिकीट कधीचं, जावई कुठे, हे तिनं सांगितलं नव्हतं. आम्ही कुणी विचारलं नव्हतं. भाऊकाकांनीसुद्धा नाही. माईंनी पदरानं उगाचच स्वच्छ ताट पुसलं.

भाऊकाकांनी घसा खाकरला.

"आंब्यापर्यंत आहेस ना?"

"आहे," अदिती म्हणाली.

भाऊकाकांनी आणखी काही विचारायला तोंड उघडलं. एवढ्यात रेश्मा सवयीनं बोलून गेली, "एकच हां काका! नियम तुमचाच हाय!" आणि लगेच तिनं जीभ चावली.

भाऊकाकांनी मान हलवली. तोंड मिटलं. काटा हातात धरून ते चीजकडे बघत राहिले.

अदितीनं पावाचा एक तुकडा घेतला, काट्याला लावला, भांड्यात घातला, आणि रिकामा काटा वर काढला.

"पडला, भाऊ," ती म्हणाली. "विचारा."