जिन्याखालच्या बाथरूमचा पडदा

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना वर-खाली नेण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि स्वतःचं घर मात्र तळमजल्यावर, जिन्याला चिकटून. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं, की म्हणतो, "राहून गेलं." जसा काही दुकानातून साबण आणायचा राहून गेला! फोनवर तर मला मधूनमधून "आहेस ना?" असं विचारावं लागतं. खोड एकच: दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा तो एकटा बसणार, मग इतरांना बसू देणार.

आई त्याच्याकडेच असते. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती घरी आली आणि तो वॉकर काही बाथरूमच्या दारातून आत जाईना. दादाने दार चौकटीसकट काढून टाकलं. वॉकर आत गेला, पण आई बाहेरच.

"मुलासमोर उघड्यावर अंघोळ करू?"

"मी तोंड फिरवून बसेन," दादा म्हणाला.

"तुझं तोंड कुठेही असू दे. आडोसा नाही, तर अंघोळ नाही."

मी राहायला आले होते, तेव्हापासून रोज चादर धरून उभी राहत होते. पण उद्या मला माझ्या घरी परतायचं होतं. आई म्हणाली, "मग मला वृद्धाश्रमात नेऊन सोडा. तिथे बायका असतात अंघोळ घालायला." रागावून म्हणाली असती, तर मी उलट चार शब्द सुनावले असते. ती शांतपणे, ठरवून बोलत होती. दादाचा चेहरा पडला. त्याने ड्रिलची पेटी काढली.

पडद्याचा रॉड बसवायला समोरासमोर दोन भिंती लागतात. इथे एका बाजूला सरळ भिंत, दुसऱ्या बाजूला जिन्याची तिरकी पाठ. दादाने आधी स्प्रिंगचा रॉड आणला, नुसता दाबून बसवायचा. बसवला, पडदा अडकवला, हात काढला आणि रॉड उतारावरून घसरून धाडकन बादलीवर आदळला.

"झालं का?" बाहेरून आई.

"होतंय," मी धडधडीत खोटं बोलले.

मग त्याने काढलेल्या दाराच्या लाकडातून एक पाचर कापली. एक अंग उतारावर टेकेल, दुसरं सरळ उभं राहील, अशी. घासायची, लावून बघायची, परत घासायची. मी मुळातली उतावळी. "अरे, रॉड बसवतोयस की मूर्ती घडवतोयस?"

"टॉर्च नीट धर."

पाचर जमली, तिच्यावर रॉडचं एक टोक बसलं. राहिली सरळ भिंत. तिच्या पोटात पाण्याचा पाइप होता आणि तो नेमका कुठून गेलाय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. भोक पाइपवर पडलं, तर पाणी बंद, भिंत फोडा, आणि आईची बॅग भरलीच म्हणून समजा. दादा टाइलवर बोटाने टकटक करत, कान लावून ऐकत राहिला. मग ड्रिल सुरू केलं. आधी पांढरा भुगा आला, मग लाल, आणि मग ओला. त्याने ड्रिल थांबवलं. भोकाच्या तोंडाशी एक थेंब जमला. आम्ही दोघं त्या भोकाकडे बघत राहिलो. दुसरा थेंब आला नाही. भिंतीची ओल होती, बाकी काही नाही.

रॉड पक्का बसला. पडदा ओढून पहिली अंघोळ दादाने स्वतःच केली, आईच्या स्टुलावर बसून. मग आईची पाळी.

"मी हाक मारल्याशिवाय पडद्याला हात लावायचा नाही. शब्द दे," ती म्हणाली. दादाने दिला. मला तिने स्वयंपाकघरात जायला फर्मावलं. मी अर्थातच गेले नाही.

शॉवर सुरू झाला, बंद झाला. साबण पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"आई?" दादाने हाक मारली. उत्तर नाही.

मी झेपावले. त्याने मला दंडाला धरून अडवलं.

"सोड! पडली असेल ती!"

"पडली असती, तर आवाज आला असता."

"आणि चक्कर आली असेल, तर?"

दादाचा हात पडद्याकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. "आई, मी इथेच आहे," तो म्हणाला, आणि हात खाली घेतला. दिल्या शब्दाला कवटाळून बसलेल्या त्या माणसाचा त्या क्षणी मला मनापासून तिटकारा आला.

तेवढ्यात पडद्याच्या कड्या खुळखुळल्या. सुरकुतलेल्या ओल्या हाताने पडदा बाजूला सरकवला. मांडीवर टॉवेल पांघरून आई आमच्याकडे पाठ करून बसली होती.

"पाठीला हात पोचत नाही," ती म्हणाली. किती वेळ झटत होती कोण जाणे, ओ द्यायचंही भान राहिलं नव्हतं.

मी बाह्या सरसावून पुढे झाले.

"तू नको. तू उद्या जाणार. त्याला येऊ दे."

दादा वाकून आत गेला, साबण उचलला. आईने हात लांबवून पडदा पुन्हा ओढून घेतला. बाहेर मी एकटी उरले आणि मला हुंदका आवरेना.

"जरा जोरात घास की," आतून आई करवादली. "इतकी काही मोडत नाही मी."