पुढच्याची टाच

त्या वर्षी माझ्या नातीचं वय शेवटचं होतं. सरकारनं खेळाडू पोरापोरींसाठी राहण्या-जेवणाची शाळा काढली आहे, तिच्यात घेतात त्या वयाचं म्हणतो मी. पुढच्या उन्हाळ्यात ती वयाबाहेर जाणार होती. तिच्या शाळेतले खेळाचे सर मुद्दाम घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "जिल्ह्याच्या मैदानावर चाचणी आहे. धावणं, उडी, चेंडू फेकणं, सगळं मोजतील. निवड झाली तर राहणं, खाणं, शिकणं, बूट, सगळं सरकारकडून. नाही झाली तर ह्यानंतर चान्स नाही."

नात दाराला टेकून ऐकत होती. ती फारशी बोलणारी पोरगी नाही. सर गेल्यावर एवढंच म्हणाली, "मले जायचं हाय."

"तिले मी तयार करतो," मी म्हटलं.

माझा मुलगा लोडिंगचा टेम्पो चालवतो. तो हसला. सून हसली नाही, पण तिनं भांडी जरा जोरात ठेवली. मी दोघांकडे पाहिलं नाही.

मी लकडगंजच्या लाकूडबाजारात उभा जन्म लाकूड उचललं. शाळा चौथीत सुटली आणि बापाबरोबर लाकूड कापायच्या आरा मशीनवर आलो. सागवानाचा लठ्ठा दोघं मिळून नेतात, एक पुढं, एक मागं. पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याच्या तोंडासमोर लठ्ठा असतो, त्याला खाली पुढच्याची टाच तेवढी दिसते. तिच्यावर नजर ठेवून त्यानं कदम टाकायचा. मागच्यानं कदम तोडला की लठ्ठा झुलतो आणि झुललेला लठ्ठा पुढच्याच्या मानेवर बसतो. म्हणून आमच्यात एकच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवत. पुढचा हळू झाला तर तू हळू हो, तो पळाला तर पळ, पण टाच सोडू नको. मी मागं चालायचो. माझा जोडीदार आता राहिला नाही, पण त्याच्या मानेवर माझ्यामुळं कधी ओरखडा आला नाही, हे मी कोणासमोरही छाती काढून सांगतो.

तर नातीला मी तसंच शिकवलं. आरा मशीनवरच्या ओळखीच्या माणसाकडून एक बल्ली आणली, लांब वाशासारखी. सकाळी विहारासमोरच्या मैदानात मी पुढं, ती मागं, दोघांच्या खांद्यावर बल्ली. खांद्याला टोचू नये म्हणून दुपट्ट्याची घडी कशी ठेवायची तेही दाखवलं. आधी चालायचं, मग पळायचं. माझा गुडघा कुरकुरायचा, पण मी त्याला विचारायला गेलो नाही.

लोकांना काय, फुकटचा तमाशा. दूधवाला सायकल थांबवून म्हणायचा, "काय गा बुढ्या, कोणाची मयत घेऊन चालला सकाळी सकाळी?"

"तुह्याचसाठी जागा पाहून राहिलो," मी म्हणायचो.

नातीला हसू यायचं, पण कदम तुटायचा नाही. महिन्याभरात तर मला मागं कोणी आहे असं वाटेनासं झालं. बल्ली अशी शांत राहायची. तिचा दम एवढा वाढला की मी बसायचो आणि ती एकटीच खांद्यावर बल्ली टाकून फेऱ्या मारायची.

चाचणीच्या दिवशी मी नवा सदरा घातला. मैदानाजवळ तर्री-पोह्याचा ठेला होता. नातीला मी थांबू दिलं नाही, पोट जड होतं म्हणून. तिला आत सोडलं आणि मग मी खाल्ले. मला पळायचं नव्हतं.

मैदानावर चुन्याच्या रेघा, गळ्यात शिट्ट्या घातलेले साहेब, टेप धरून बसलेली माणसं. पोरीच पोरी. आमचीनं उडी चांगली मारली. चेंडू तर तिनं असा फेकला की टेपवाल्याला उठून मागं जावं लागलं. मी तारेच्या कुंपणाला धरून उभा होतो. शेजारी कोणी उभा राहिला की सांगायचो, "ती लाल रिबीनवाली माही नात."

मग शेवटी मैदानाचे दोन फेरे पळायचे होते. ह्याच्यासाठीच तर मी तिला तयार केलं होतं. शिट्टी झाली. काटोलकडची एक उंच पोरगी पुढं निघाली आणि आमची बरोबर तिच्या मागं लागली. पहिला फेरा झाला, आमची तिच्या मागंच. मला वाटलं, दम राखून आहे, आता काढेल. दुसऱ्या फेऱ्यात ती उंच पोरगी थकली. तिचे पाय जड पडायला लागले. आमचीनं पण पाय हळू केले.

"काट तिले!" मी ओरडलो. "काट ना वं! बाजूनं निघ!"

बाजूनं दुसऱ्या दोघी निघून गेल्या. मग आणखी एक. आमची त्या थकलेल्या पोरीच्या मागं, कदमाला कदम, जणू काही दोघींच्या खांद्यावर सागवान आहे. तशीच रेघ ओलांडली. ती काटोलची पोरगी गवतावर आडवी पडली आणि आमची कमरेवर हात ठेवून उभी. छाती हलत पण नव्हती.

"काहून थांबली वं?" मी कुंपणाच्या अलीकडून म्हटलं. "ते थकली होती ना! काहून नाही गेली समोर?"

"आबा, तुम्हीच तं सांगतलं," ती म्हणाली. "पुढचा हळू झाला तं आपण हळू व्हाचं. टाच सोडाची नाही."

"ते लाकडाचं सांगतलं होतं!"

"मंग धावाचं काय सांगतलं होतं?"

धावण्याचं वेगळं मी काही सांगितलंच नव्हतं.

दुपारून नावं पुकारली. तिचं नाव नव्हतं. पुकारणारा साहेब थांबल्यावरही ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग रिबीन काढून तिनं मुठीत घेतली.

आम्ही निघालो तेवढ्यात एक मॅडम मागून आल्या. पुण्याकडच्या बोलीच्या, ट्रॅकसूट घातलेल्या. सकाळपासून त्या धावण्याच्या रेघेजवळ उभ्या होत्या हे मी पाहिलं होतं.

"आजोबा, हिला पळायला कोणी शिकवलं?"

"मी. काहून?"

"हिला दम लागला नव्हता. मग पुढं का गेली नाही?"

मी बोलायच्या आत नातीनं सांगून टाकलं. लठ्ठा, बल्ली, टाच, सगळं. एरवी न बोलणारी पोरगी, पण त्या दिवशी थांबेना. मॅडम हसतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तिला दोन्ही हात पसरायला लावले आणि टेपनं मोजले. परत एकदा मोजले. आमच्या घरात सगळ्यांचे हात लांब आहेत. लहानपणी मला त्यावरून वानर म्हणत.

"होडीच्या शर्यती असतात, आजोबा," मॅडम म्हणाल्या. "चौघी मिळून वल्ही मारतात. एकीनं जरी वेळ चुकवली तरी होडी अडखळते. सरकार त्याच्यासाठीही मुली घडवतं, तिथंही राहणं-शिक्षण सगळं आहे. मुलीला एवढं शिकवायला मला वर्ष जातं. परवा तिला घेऊन या, हॉलमध्ये मशीन आहे, त्यावर बसवून बघते."

मला ते एकदम लागलं. तिला धावणारी म्हणून मी उभी केली होती.

"मॅडम," मी म्हटलं, "आम्ही धावणारी पोट्टी आणली हाये. नावाडी नाही आणली." आणि नातीचा हात धरून बसस्टॉपवर आलो.

घरी त्या रात्री जेवताना गोष्ट निघाली. सून मनीषनगरात दोन घरी स्वयंपाक करते, तिला उगाच बोलायला वेळ नसतो. पण त्या दिवशी तिनं पोळपाट बाजूला ठेवला.

"मामाजी, ते मॅडम स्वतः बोलावून राहिली, आन् तुम्ही नाही म्हणून आले?"

"पाण्याचं काम हाय ते. आपल्या घरात कोणाले पोहता येते?"

"शिकवतील."

"धावणं असतं तं डोळ्यासमोर असतं. जमिनीवर. पाण्याचा काय भरोसा?"

"जमिनीवर तं होती ना आज! तुमच्या टाचेपायी मागं राहिली. आता तुमच्या हट्टापायी घरी राहील."

मुलगा ताटात पाहून जेवत होता. मी त्याला म्हटलं, "तू काही बोलशील का नाही?"

"माहं टायर पंक्चर हाय," तो म्हणाला. "सकाळी पाहाचं हाय." त्याची बाजू नेहमी अशीच असते.

मी झोपायला गेलो. चूक माझी होती असं सून आजही म्हणते. मी म्हणत नाही. ज्या कामाला जी शिस्त, ती मी दिली होती. त्या मैदानावर ती चालली नाही, तर तो दोष मैदानाचा.

सकाळी डोळा उघडला तर नात दारात उभी. हातात बल्ली.

"आता काय करतं वं हिचं? झालं ना सगळं."

"चला," ती म्हणाली. "आज मी पुढं."

मी हो-नाही करेपर्यंत तिनं बल्लीचं टोक खांद्यावर घेतलं पण होतं. दुपट्ट्याची घडी बरोबर जागेवर. मी मागं गेलो. किती वर्षांनी मी परत मागं चालत होतो. समोर तिच्या टाचा, एका चपलेचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला. आम्ही निघालो. थोडं चाललो आणि ती पळायला लागली. मी पण. मला वाटलं होतं, तरणी पोर आहे, ओढत नेईल. पण बल्ली शांत होती. वळणावर माझा गुडघा बोलला. मी आवाज केला नाही, पायही आखडला नाही, आणि तरी तिचा कदम हळू झाला. पुढं असून तिला कसं कळलं? खांद्यावरून. लाकडातून कळतं ते. माझ्या जोडीदारालाही कळायचं, पण त्याला ते यायला आरा मशीनवर कितीतरी पावसाळे गेले होते.

मैदानाच्या टोकाला आम्ही बल्ली उतरवली. ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"आबा, धावताना माह्याजवळ कोणी नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून मी त्या पोरीच्या मागं गेली. होडीत चौघी राहतात म्हणते मॅडम. मले जायचं हाय."

दूधवाला तिथंच होता. "काय गा, आज मयतीचा पुढारी बदलला?"

"हाव," मी म्हटलं. "तू दूध वाट."

मॅडमनी सांगितलेल्या दिवशी आम्ही हॉलमध्ये गेलो. मीच घेऊन गेलो, सुनेला सुट्टी नव्हती. एक लांब लोखंडी मशीन होती, सरकणारी बैठक आणि ओढायचा दांडा. शेजारी शेजारी दोन. मॅडमनी दुसऱ्या मशीनवर त्यांची एक जुनी मुलगी बसवली आणि आमचीला सांगितलं, हिच्याबरोबर ओढ. सुरुवातीला आमची बैठकीवरून घसरली. लोक हसले, ती पण हसली. मग तिनं मान वळवून त्या मुलीच्या हातांकडे पाहिलं, आणि एकदा जे जमलं ते जमलंच. दोन्ही मशीनचा आवाज एक झाला. डोळे मिटले असते तर कोणाला एकच मशीन वाटली असती. मॅडम थांबा म्हणेपर्यंत तो आवाज फाटला नाही.

"आजोबा," मॅडम म्हणाल्या, "नावाडी घेऊन जाऊ ना मग?"

"पोहणं आधी शिकवाल," मी म्हटलं. "मंग होडी."

"आधी पोहणंच," त्या म्हणाल्या.

निवड झाली. जूनमध्ये ती गेली, दूर पुण्याकडं, नदीच्या काठावरच्या वसतिगृहात. सुरुवातीला रडून फोन करायची, भाकर मिळत नाही म्हणून. मग फोन कमी झाले. कमी झाले की समजायचं, बरं चाललं आहे. पोहायला शिकली. सरकारनं बूट दिले, कपडे दिले, रोज दूध-अंडी. एका शर्यतीत त्यांची होडी तिसरी आली, एकीत उलटता उलटता राहिली. ते तिनं मला सांगितलं, आईला नाही.

दिवाळीनंतर मी आणि सून तिला भेटायला गेलो. सुनेनं जवसाची चटणी आणि मुगवड्यांचा डबा घेतला होता. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचा सराव सुरू व्हायचा होता. नदीवर धुकं. मला वाटलं होतं होड्या पाण्यातच बांधलेल्या असतील. तर नाही. होड्या शेडमध्ये असतात, लांबच लांब, पातळ, आणि रोज पाण्यापर्यंत उचलून न्याव्या लागतात. खांद्यावर.

शेडमधून चौघी बाहेर आल्या. होडी खांद्यावर, आमची सगळ्यांत मागं. खांद्याखाली टॉवेलची घडी, बरोबर तिथं, जिथं मी दाखवली होती. आणि तिच्याच काय, चौघींच्या खांद्यावर घडी.

उताराला ओलं होतं. पुढची पोरगी जरा दचकली, तिचे पाय भराभर पडले आणि होडी झुलायला लागली. मी काठावरून तोंड उघडलं, पण माझ्या आधी मागून आवाज आला. मोठा, खणखणीत, लकडगंजी.

"कदम!"

चौघींचे पाय एकदम जुळले. होडी शांत झाली आणि उतारावरून खाली गेली, लठ्ठ्यासारखी. पाण्यात ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही.

मी सुनेकडे पाहिलं. ती नदीकडे पाहत होती.

"ऐकलं का?" मी म्हटलं.

"ऐकलं, मामाजी, ऐकलं," ती म्हणाली. "आता हा डबा धरा, माहा हात दुखून राहिला."