आज गाडी गप हाय

गाडी घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि ती ओरडायला लागली. सकाळी फाटकाबाहेर काढून पहिला ब्रेक दाबला की कर्रर्र असा आवाज, पाटीवर नख ओढल्यासारखा. दुसऱ्या ब्रेकला जरा कमी, मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत गायब. पण उचगावातला आमचा बोळ असा, की तेवढ्यात निम्मा शेजार दारात येतो. समोरच्या काकू तर रोज विचारायच्या, "नवी गाडी आनि रडतीया व्हय गं?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पगारावर घेतलेली गाडी, आणि तिचं हे कौतुक!

घरात आम्ही तिघं. मी, दुसरीतली लेक आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. नवरा पुण्याला, रविवारपुरता पाहुणा. म्हशी होत्या तोवर मामा रोज संध्याकाळी त्यांना घासून पुसून लख्ख करायचे. म्हशी विकल्या आणि त्यांच्या हातांना कामच उरलं नाही. मग गाडी आली. आता रोज संध्याकाळी पाइप लावून तिची अंघोळ. चाकाच्या आऱ्यांतून हात घालून आतलंसुद्धा धुणार. मी कधी अडवलं नाही. अडवून ऐकतो कोण?

शोरूममध्ये मी भांडायच्या तयारीनेच गेले. तिथल्या मेकॅनिकने चाक काढलं, आतली लोखंडी चकती दाखवली आणि विचारलं, "मॅडम, गाडी रोज धुता काय?" चकतीवर पाणी राहतं, रात्रीतून बारीक गंज धरतो, सकाळी ब्रेक लावला की तो घासून जातो, त्याचा हा आवाज. काहीही करायचं नाही, बिनघोर चालवा. माझं भांडण तिथेच विरघळलं.

घरी येऊन मी हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आणि म्हणाले, "काय झालं न्हाय म्हनत्यात? मंग वरडतीया कशाला? लोखंड उगंच वरडत नस्तंय." मी कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी लेकीला शाळेत सोडून मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. लेक मागे बसली, मामा पुढे. फाटकाबाहेर मी पहिला ब्रेक दाबला. आवाज नाही. दुसरा दाबला. नाही. "आज गाडी गप हाय बग," मामा म्हणाले. इतके खूश ते म्हशीला रेडी झाली तेव्हाच दिसले होते. काकू दारात वाट बघत उभ्या होत्या. मी मुद्दाम काच खाली करून त्यांना हसून हात केला.

मोठ्या रस्त्याला लागलो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. अचानक तो थांबला. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही.

पाय पार खाली टेकवला, अंगातलं सगळं बळ त्यावर घातलं, तरी गाडी त्या ट्रॉलीकडे सरकतच राहिली. मागे बांधलेल्या उसाचे शेंडे काचेसमोर मोठे होत गेले. मागे लेक कविता म्हणत होती, ती थांबली. मी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात घुसून एकदाची बंद पडली. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. जळक्या तेलाचा वास सुटला होता.

फोन केल्यावर शोरूममधून तोच मेकॅनिक आला. त्याने चाक काढलं, चकतीवरून बोट फिरवलं. बोट चकाकत होतं. "हिला तेल कुणी लावलं?" तो जवळजवळ ओरडलाच.

असला वेडेपणा कोण करील, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात तो वास मला ओळखू आला. एरंडेल. आमच्या रिकाम्या गोठ्यात खुंटीला वंगणाचा डबा अजून टांगलेला आहे. बैलगाडी कधीच मोडीत गेली, पण डबा मामांनी टाकू दिला नव्हता. उभा जन्म बैलगाडीचं चाक कुरकुरलं की त्यांनी आखाला तेच तेल घातलं होतं.

"म्याच लावलं की," मामा म्हणाले. नेहमीच्या खणखणीत आवाजात. "काल सांजच्याला. म्होरल्या दोनी चाकास्नी, चांगलं चोळून."

"आजोबा, ही चकती घट्ट धरली जाते म्हणून गाडी थांबते," मेकॅनिक म्हणाला. "तेल लावल्यावर धरणार कशी?"

मामांनी चाकाकडे बघितलं, मग लेकीकडे. ते तिथेच मुरमावर बसले. "पोर गाडीत हुती," एवढंच म्हणाले.

ब्रेकचं सामान बदललं, गाडी पुन्हा ओरडायला लागली. मामा संध्याकाळी तिला धुतात आणि सकाळी फाटकात उभे राहतात. मी पहिला ब्रेक दाबते, कर्रर्र होतं, आणि मगच ते बाजूला होतात. "वरडली. जावा आता."

परवा संध्याकाळी नळाला पाणीच आलं नाही. गाडी धुतली गेली नाही. सकाळी मी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, पण आवाज आला नाही. "थांब!" मामा दोन्ही हात पसरून गाडीपुढे आले. "वरडली न्हाय! पोरीला उतरीव आदी!" मी समजावून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही. दार उघडून लेकीला खाली घेतलं आणि मला म्हणाले, बोळाच्या टोकापर्यंत जाऊन ये, दर चार पावलांवर ब्रेक लावून दाखव.

शाळेला उशीर होत होता. तरी मी गेले, सगळा बोळ बघत असताना थांबत थांबत गेले आणि तशीच परत आले. तोवर ते लेकीला कडेवर घेऊन फाटकात उभे होते. ती आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिलेली नाही.